पाण्याविना दोन हजार मीटर

"हे कुणाचं हाय?"

हवालदारकाका माझ्या दुकानाच्या दारात उभे होते आणि त्यांच्या काठीच्या टोकाला माझं पोपटी अस्तर लटकत होतं. अजून ओलंच होतं. त्याचं पाणी माझ्या उंबऱ्यावर ठिबकत होतं.

"माझंच हाय काका. वाळत घातलं हुतं."

"कुठं?"

"तिथं, हॉलमधल्या त्या दांडीवर."

"ती दांडी न्हाई!" काकांनी काठी झटकली आणि अस्तर माझ्या शिलाई मशीनवर येऊन पडलं. "ती बोट हाय. रोइंगची मशीन. तिच्या साखळीला पानी लागलं तर गंजून बसंल. तुझ्या मशीनीवर म्या धोतर वाळत घातलं तर चालंल का?"

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सातारा जिल्ह्यात, कृष्णेकाठी आहे एवढं पुरे. समाजमंदिराच्या तळमजल्यावर माझं लेडीज टेलरिंगचं दुकान, आणि मधल्या दारानं जोडलेला शेजारचा हॉल म्हणजे 'महिला व्यायामशाळा'. पाटी मोठी, आत सामान दोनच. एक पायडल तुटलेली सायकल आणि दुसरी ही बया. लांबलचक लोखंडी रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पुढं जाळीत कोंडलेला पंखा, त्याच्यावर मीटर आणि वेळ दाखवणारा छोटा पडदा, आणि पंख्यातून निघालेल्या साखळीला एक मूठ. कुणीतरी देणगी दिली, नारळ फुटला, फोटो निघाले आणि तिचं काय करायचं ते सांगणारा माणूस द्यायचं सगळे विसरले. मला मात्र तिचा उपयोग लगेच सापडला. अस्तर भिजवून वाळवल्याशिवाय शिवलं, तर पहिल्याच धुण्यात ब्लाउज आक्रसतो आणि बाई भांडायला येते. त्या रुळावर एका वेळी सहा अस्तरं मावायची.

हवालदारकाका म्हणजे ज्ञानोबा मांढरे. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, आणि त्याच आठवड्यात हॉलवर पहारेकरी म्हणून लागलेले. पिळदार मिशा, इस्त्रीची पँट, आवाज असा की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडावेत.

"तुम्हाला कसं ठाऊक, ही बोट हाय म्हणून?" रझियाभाभीनं विचारलं. तिचं समोर बांगड्यांचं दुकान. ब्लाउजचं माप द्यायला म्हणून यायची आणि गावभरच्या बातम्या देऊन जायची.

"पुण्याला हुतो म्या. फौजेच्या रोइंग टीमबरोबर. अकरा वर्षं."

"मग शिकवा की आम्हाला!" भाभी गमतीनं म्हणाली.

काकांनी मधल्या दारातून मशीनकडं बघितलं. मग म्हणाले, "दुपारी दोन ते तीन. साडी चालणार न्हाई."

भाभीला गंमत होती, मला नव्हती. त्या वर्षी माझी कंबर गेली होती. वीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसण्याचं फळ. सकाळी उठताना भिंत धरावी लागे. डॉक्टर म्हणाले होते, पाठीला ताकद आणा, नाहीतर हे काम सोडा. काम सोडलं तर मी उरते काय? मला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं. तेव्हा मी भाभीचा जुना पंजाबी ड्रेस दोन्ही बाजूंनी उसवून माझ्या मापाचा केला आणि दुसऱ्या दिवशी दोनला हजर झाले.

काकांनी आधी अर्धा तास बसूच दिलं नाही. रूळ ओल्या फडक्यानं पुसून घेतला, मग कोरड्यानं. "रुळावर धूळ असली की बैठक अडखळती." साखळीला माझ्याच मशीनच्या तेलाचे चार थेंब चोळून लावले, वरचं पुसून टाकलं. मग पंख्याच्या बाजूची खुंटी दाखवली. एक ते दहा आकडे होते.

"धावर ठेवू?" भाभीनं विचारलं.

"चारवर. खुंटी वर नेली म्हंजे ताकद वाढत न्हाई, नुसती बोट जड हुती. चिखलातनं बैलगाडी वडल्यावानी. ताकद तू लावायची, खुंटीनं न्हाई."

मी बसले. पायांवर पट्टे बांधले. ते पंजाच्या रुंद भागावरून गेले पाहिजेत म्हणून काकांनी दोनदा सोडून परत बांधायला लावले. मूठ धरली आणि जीव खाऊन हातांनी ओढली.

"थांब! हात कशाला? हाताचं काम शेवटी. आधी पायानं रेट, मग पाठ मागं, मग हात. परत जाताना उलटं. आधी हात, मग पाठ, मग गुडघं."

पुन्हा ओढली. आता वेगळीच पंचाईत. माझ्या पायांना वीस वर्षांची सवय होती ती पायडलची. भराभरा, हलकं हलकं. आणि मान खाली. मी त्या साखळीकडं असं टक लावून बघत होते, जणू टाकाच चुकेल.

"शालन, पोरी, तिथं सुई न्हाई," काका म्हणाले. "बोटाला टोचणार न्हाई. समोर बघ."

भाभी हसून हसून भिंतीला टेकली. मग तिची पाळी आली, तेव्हा तिनं मूठ सोडली आणि साखळी सळ्ळकन जाऊन जाळीवर आदळली. मग मी हसले.

असे तीन महिने गेले. काकांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. आम्ही ओढायला लागलो की ते खुर्चीत बसून डोळे मिटायचे. पंख्याचा आवाज ऐकायचे, बस्स. "फाटका येतोय," म्हणायचे. म्हणजे पाय आणि हात एकदम ओढतेय. "आत्ता गोल आला." म्हणजे बरोबर. एकदा मी वल्हं मारता मारता दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडं नुसती मान वळवली, तर डोळे मिटलेल्या काकांनी आवाज दिला, "गिऱ्हाईक जात न्हाई कुठं!" मिनिटाला चोवीस फेऱ्या, याहून जास्त नको. ओढताना जोर, परतताना दम. तासाच्या शेवटी ते लिंबू, मीठ आणि गूळ घातलेलं पाणी द्यायचे. इतकं चवीचं असायचं ते, की भाभी म्हणायची, मी याच्याचसाठी येते.

माझी कंबर हळूहळू ताळ्यावर आली. भिंत न धरता उठले त्या सकाळी मी नवऱ्याला हाका मारून बोलावलं आणि पुन्हा झोपून पुन्हा उठून दाखवलं. ते म्हणाले, "बरं, आता उठलीच हायस तर चहा टाक."

एकच गोष्ट खटकायची. काका स्वतः कधी मशीनवर बसले नाहीत.

"एकदा करून दाखवा की," मी म्हटलं.

"गुडघा धरतो."

पण तेच काका रोज जिना चढून गच्चीवरची टाकी बघून यायचे, तेव्हा गुडघा काही बोलत नसे. मी आणि भाभीनं एकमेकींकडं बघितलं आणि विषय सोडला.

मग डिसेंबरात आनंदराव खिलारे आले. हे व्यायामशाळा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या भाच्याला पोलीस भरतीची तयारी करायची होती आणि त्यांची नजर आमच्या मशीनवर होती.

"ही मशीन आता वर तालमीत न्यायची म्हणतो," ते म्हणाले. "हितं बायका काय करणार तिचं? अस्तरं वाळत घालता असं ऐकलं."

मी लाजले, कारण खोटं काय होतं त्यात? पण काका पुढं झाले. "साहेब, या दोघी रोज दोन हजार मीटर मारत्यात."

"काय सांगता!" आनंदराव हसले. "माझा भाचा पैलवान हाय. परवा हितं बसवला त्याला. दोन हजार मीटरला दहा मिनिटं बारा सेकंद लागली. धापा टाकत उठला."

"खुंटी कितीवर हुती?"

"धावर. पैलवान काय चारवर ठेवणार?"

काका मिशीतल्या मिशीत हसले. ते हसू आनंदरावांना झोंबलं. ते म्हणाले, "ठीक हाय. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर हितंच कार्यक्रम ठेवू. तुमच्या दोघींतल्या एकीनं दहा मिनिटांच्या आत करून दाखवलं तर मशीन हितंच राहील. न्हाईतर वर."

वर म्हणजे तालमीत, जिथं आम्हाला पाऊल टाकता येत नव्हतं. मशीन गेली की चार महिन्यांत कंबर पुन्हा होती तिथं येणार, हे मला ठाऊक होतं. आणि भाभीला माझ्याहून मिनिटभर जास्त लागायचं. म्हणजे सगळा भार माझ्यावर. माझी तोवरची सगळ्यात चांगली वेळ होती दहा मिनिटं एकवीस सेकंद.

"हुतंय," काका म्हणाले. "फकस्त सुरुवातीला पळायचं न्हाई. पहिलं पाचशे मीटर पोट भरल्यावानी वाटलं पायजे. शेवटचं पाचशे भूक लागल्यावानी."

सव्वीस जानेवारीला हॉल भरून गेला. लहान पोरं झेंडे घेऊन खिडकीत चढली होती. नवरा पहिल्या रांगेत होता, आणि माझी दोन गिऱ्हाइकं, ज्यांचे ब्लाउज मी या नादात आठवडाभर लांबवले होते, तीही होती. आनंदरावांनी प्रमुख पाहुणे म्हणून फौजेतले एक निवृत्त सुभेदार मेजर आणले होते, निकम नावाचे. उंचेपुरे, साठीचे, छातीवर पदकांची रांग. हे एके काळी फौजेच्या रोइंग टीमचे कप्तान होते म्हणे.

काका दारात उभे होते. पाहुण्यांना बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काठी उचलून ते बाहेर सटकायला लागले, पण निकमांची नजर त्यांच्यावर गेली.

"अरे, मांढरे! ज्ञानबा! तू हितं?" निकमांनी त्यांना मिठीच मारली. "मंडळी, या माणसाच्या हातची मटणाची आमटी ज्यानं खाल्ली नाही तो फौजी कसला! अकरा वर्षं आमच्या टीमचा भंडारी होता हा. अजून भाकऱ्या थापतोस का रे?"

निकम मायेनं बोलत होते. पण मागून कुणीतरी हसलं.

"भंडारी?" आनंदराव म्हणाले. "म्हंजे स्वयंपाकी? आणि हे शिकवतायत रोइंग!"

आता सगळाच हॉल हसला. मी काकांकडं बघितलं. ते खाली बघत होते. खोटं ते कधी बोलले नव्हते. आम्हीच कधी विचारलं नव्हतं. पण त्या क्षणी मला राग आला, खोटं कशाला सांगू? चार महिने मी माझी कंबर एका स्वयंपाक्याच्या भरवशावर टाकली होती. भाभी माझ्या कानाशी लागली, "चल बैठ अब. नंतर बघू."

मी बसले. पट्टे बांधले. शिट्टी वाजली.

आणि मी रागानं सुटले. कसले पाय, कसली पाठ आणि कसलं काय! मिनिटाला छत्तीस फेऱ्या. पोरं खिडकीत ओरडत होती, आकडे भराभर उतरत होते, मला वाटलं, झालंच हे. पाचशे मीटर झाले तोवर घसा कोरडा पडला. सातशेला मांड्यांत जणू शिसं ओतलं. या वेगानं एकूण किती वेळ लागेल ते समोरच्या पडद्यावर दिसत होतं आणि त्या हिशेबानं मी साडेदहाच्याही पुढं चालले होते. मान खाली गेली. पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता, पण तो काय सांगतोय ते कळत नव्हतं. ते ऐकणारा माणूस दारात मान खाली घालून उभा होता.

मग मला कळलं, की राग धरायला मला परवडत नाही. आणि खरं म्हणजे राग धरण्यासारखं काही नव्हतंच. माझी कंबर बरी झाली होती. ती काय आमटीनं बरी झाली?

"काका!" मी ओरडले. दम नव्हता तरी ओरडले. "बोला की! आवाज कसा येतोय, सांगा!"

नवरा खुर्चीतून अर्धा उठला.

"फाटका," दारातून आवाज आला. मग जरा मोठ्यानं, "फाटका येतोय, शालन. हात सोड. पाय!"

काठीचा टक टक आवाज जवळ आला. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले.

"घाई सोड. परत येताना दम घे. लांब. आणखी लांब. मान वर!"

मी मान वर केली. फेऱ्या छत्तीसवरून तीसवर आल्या, मग सव्वीसवर. आनंदराव म्हणाले, "हळू पडली बघा," पण मला पडद्यावर दिसत होतं, की हळू पडूनही आकडा सुधारतोय. पाय रेटले की पंखा घूं करून फिरायचा आणि परतताना शांत व्हायचा.

"गोल," काका म्हणाले. "आत्ता गोल येतोय. हितनं हालायचं न्हाई."

हजार. बाराशे. पंधराशे. मांड्या पेटल्या होत्या. शेवटच्या पाचशेत काकांनी डोळे उघडले. "आत्ता भूक! जेवडी हाय तेवडी काढ! दहा फेऱ्या माज्यासाठी!" पुढच्या दहा भाभीनं स्वतःच्या नावानं मागितल्या. पुढच्या दहा, मला वाटतं, ब्लाउज अडकलेल्या त्या गिऱ्हाइकांनी. सगळा हॉल मोजत होता. मी पडदा बघायचं सोडून दिलं होतं. आणि मग भाभी किंचाळली.

नऊ मिनिटं सत्तावन्न सेकंद.

मी मूठ नीट जागेवर ठेवली. हो, त्याही अवस्थेत ठेवली, साखळी आदळू दिली नाही. मग तिथंच रुळावर आडवी झाले. नवरा वाकून विचारत होता, "कंबर? कंबर बरी हाय ना?" आनंदरावांनी टाळ्या वाजवल्या. जरा उशिरा वाजवल्या, पण वाजवल्या. "मशीन हितंच राहील," ते म्हणाले, आणि शब्दाला जागले.

निकम मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते काकांकडं बघत होते.

"ज्ञानबा, डोळे मिटून हे सगळं ऐकू येतं तुला?"

"काठावर लिंबूपानी घिऊन बसायचो न्हवं साहेब. रोज दोन तास. दुसरं काम काय हुतं? कोचसाहेब काय बोलत्यात ते ऐकायचो आन् वल्ह्याचा आवाज ऐकायचो."

"आणि आम्ही तुला एकदाही विचारलं नाही."

"म्या एकदा विचारलं हुतं साहेब. बोटीत बसू का म्हणून." काका हसले. "तवा समदी लई हसली हुती."

निकमांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. मग पुढं येऊन त्यांनी स्वतः वाकून मशीनचे पट्टे सैल केले.

"बस."

"आता या वयात?"

"बस, मांढरे."

काकांनी काठी भाभीच्या हातात दिली. बूट काढून नीट जोडून ठेवले. बैठकीवर बसून त्यांनी पट्टे दोनदा सोडून परत बांधले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दमल्यामुळं आलं असं मी तेव्हा नवऱ्याला सांगितलं, पण ते खरं नव्हतं. अकरा वर्षं काठावर आणि चार महिने खुर्चीत बसलेला माणूस पहिल्यांदा मूठ हातात धरत होता.

काकांनी गुडघे वाकवले, समोर बघितलं आणि ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओढून ते मध्येच थांबले, मूठ छातीशी धरून, तोंड उघडं टाकून. आम्हाला वाटलं, झालं काय? निकम पुढं धावले.

काकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"शालन," ते म्हणाले, "हे एवढं जड असतंय व्हय गं?"

"व्हय काका."

"आन् रोज तुमी दोगी...?" त्यांनी मुठीकडं बघितलं, मग पुन्हा आमच्याकडं. "अगं मग आजवर एक शब्द बोलला का न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला मध्ये पाच मिनिटं विश्रांती मिळायला लागली. आणि शेवटची दहा मिनिटं काका स्वतः मशीनवर असायचे, तेव्हा त्यांच्या खुर्चीत मी डोळे मिटून बसायचे.